हिवाळ्यातली परसबाग आणि तिथले पाहुणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरे मुख्यतः देशावरच्या हवेला धरून आहेत : पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर वगैरे. कोकण आणि विदर्भात जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे. अंगण, गच्ची, बाल्कनी, सोसायटीची मागची पट्टी, कुठलीही जागा चालेल. दिवसाला चार-पाच तास ऊन मात्र हवे.

हिवाळी बाग सुरू कधी करायची?

पाऊस थांबला की लगेच नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारचे ऊन कोवळी रोपे भाजून काढते. कोजागरीपासून दिवाळीपर्यंतचा काळ पेरणीला उत्तम. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, शेवंती, डेलिया यांची रोपे त्याआधी, सप्टेंबरअखेरीस, सावलीत तयार करून ठेवायची म्हणजे दिवाळीच्या आसपास ती जागेवर लावता येतात. विदर्भात थंडी जरा लवकर आणि जास्त पडते, तिथे दहा दिवस आधी सुरुवात करा. कोकणात जमीन उशिरा वापशावर (पेरणीजोग्या ओलीवर) येते, तिथे नोव्हेंबरचा पहिला आठवडा बरा.

उशीर झाला असेल तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत मेथी, पालक, मुळा, शेपू बिनधास्त पेरा. मटार आणि फ्लॉवर मात्र नोव्हेंबरनंतर लावू नका. शेंगा भरायच्या आणि गड्डा धरायच्या वेळेलाच फेब्रुवारीचे ऊन येऊन गाठते.

कुंडीत काय नीट येते?

पालेभाज्यांना खोली नको, पसारा हवा. ६ ते ८ इंच खोल क्रेट किंवा पसरट कुंडी पुरे. मेथी अर्धा सेंटिमीटर खोल, ओळींत १० सेंटिमीटर अंतर ठेवून पेरली की तीन ते पाच दिवसांत वर येते आणि २५ ते ३० दिवसांत उपटायला तयार होते. पालक ३५ दिवसांत, आणि बाहेरची पाने खुडत राहिलात तर तीन-चार तोडे देतो. मुळा ४५ दिवसांचा. त्याला निदान १० इंच खोल भुसभुशीत माती लागते. गाजराला १२ इंच, आणि ते थेट जागेवरच पेरायचे, रोप करून लावायचे नाही. गाजर दुतोंडी किंवा तिहेरी फुटले तर दोष बियाण्याचा नाही. मातीत खडे आहेत, किंवा कच्चे शेणखत घातलेले आहे.

मातीचे मिश्रण सोपे ठेवा : चार भाग पोयट्याची माती, तीन भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. १२ इंची कुंडीला मूठभर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती कुंडीत भरू नका. ओली असताना ती चिकट गोळा होते, वाळली की कडेने सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. वरून ओले दिसते, मुळे कोरडीच राहतात.

धणे उगवतच नाहीत. काय चुकते?

बहुतेक वेळा धणे अख्खेच पेरलेले असतात. एका धण्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करा, भुगा करू नका. आठ ते बारा तास पाण्यात भिजवा, कापडावर थोडे सुकवा आणि एक सेंटिमीटर खोल पेरा. तरीही उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. सहाव्या दिवशी कंटाळून माती उकरून बघणाऱ्यांची कोथिंबीर कधीच येत नाही. किराणा दुकानातले धणे चालतात, पण जुने, खडखडीत नकोत.

भोगीच्या भाजीला सगळे घरचेच हवे. जमेल का?

जमेल, पण हिशेब उलटा मांडावा लागतो. भोगी साधारण १३ जानेवारीला येते. गाजराला ८० ते ९० दिवस, म्हणजे पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. हरभऱ्याचे सोलाणे हवेत तर तोही त्याच सुमारास. वांग्याचे रोप सप्टेंबरअखेर जागेवर लागलेले हवे. वेलाचा पावटा हा खरा हट्टी गडी. दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलत नाही, पण त्याआधी वेल मांडवभर झालेला लागतो. म्हणून तो ऑगस्टमध्येच लावायचा. वेळ निघून गेली असेल तर बुटक्या जातीचा वाल ऑक्टोबरच्या शेवटी लावला तरी शेंगा मिळतात. कांदापात सगळ्यांत सोपी. कोंब आलेले कांदे डिसेंबरच्या सुरुवातीला कुंडीत खोचा, भोगीपर्यंत हातभर पात येते. तीळ आणि बाजरी मात्र बाजारातूनच आणा.

थंडीत पाणी किती आणि केव्हा?

बोट पेरभर मातीत घाला. ओले लागले तर आज पाणी नाही. मोठ्या कुंड्यांना आठवड्यातून दोन-तीनदा पुरते, उथळ क्रेटला एक दिवसाआड. वेळ सकाळची, ऊन अंगावर आल्यानंतरची. संध्याकाळी झारीने पानांवरून पाणी घातले की पाने रात्रभर ओली राहतात. त्यात पहाटेचे दहिवर पडते, आणि करप्याला (पानांवर डाग पाडणाऱ्या रोगाला) हवी तशी हवा तुम्हीच करून देता. हिवाळ्यात झाडे वाळून मरतात त्यापेक्षा कुजून जास्त मरतात.

वालावर, कोबीवर, शेवंतीवर काळा-हिरवा मावा चिकटला आहे. काय फवारू?

थांबा. आधी नीट बघा.

मावा म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. तो थंडीत वाढणारच. त्याची मादी नराशिवाय थेट पिल्लेच घालते आणि ती पिल्ले आठवड्याभरात स्वतः पिल्ले घालू लागतात. म्हणून रविवारी दोन शेंड्यांवर असलेला मावा पुढच्या रविवारी सगळ्या वेलावर दिसतो. पण त्याच शेंड्यावर भिंग धरलेत तर बहुतेक वेळा आणखी मंडळी सापडतील. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी दिसणारी अळी म्हणजे ढालकिड्याचे (लेडीबर्डचे) पिल्लू. मोठे होईपर्यंत ते काहीशे मावा फस्त करते. हिरवट, बिनपायांची, जळूसारखी सरकणारी अळी ही फुलांवर तरंगत राहणाऱ्या पट्टेरी माशीची. आणि मावा असूनही न हलणारे, फुगलेले, सोनेरी-तपकिरी मणी दिसले तर ते मेलेले मावा आहेत. बारीक गांधीलमाशीने आत अंडे घातलेले असते. हे मणी दिसले की फवारणीचा विचारही करू नका.

एवढे सांगायचे कारण असे की लोक ढालकिड्याची अळीच कीड समजून चिरडतात, आणि मग मावा हटत नाही म्हणून कीटकनाशक आणतात. त्याने मावा आठवडाभर जातो, त्याला खाणारे मात्र महिनाभर परतत नाहीत. तेवढ्यात मावा दुप्पट होऊन येतो. दुसरे म्हणजे, बागेत हिवाळी पाहुणे म्हणून येणारे बहुतेक छोटे पक्षी ह्याच किड्यांवर जगतात. किडे संपवलेल्या बागेत पक्षी का येत नाहीत, हा प्रश्न मग निराळा विचारावा लागत नाही.

तरी काही करायचेच तर ह्या क्रमाने करा. पहिल्यांदा पाण्याची जोरदार धार, खालून वर, सकाळी, तीन दिवस लागोपाठ. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. मग मुंग्यांचा बंदोबस्त. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली की मुंग्यांची वाट बंद (ताटलीतले पाणी रोज बदलायचे, कारण पुढे पक्ष्यांच्या पाण्याच्या उत्तरात येईल). फारच झाले असेल तर शेंडा खुडून टाका. अगदी शेवटी कडुनिंबाचे तेल : एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली तेल आणि १ ते २ मिली भांडी घासायचा पातळ साबण. आधी साबण व तेल एकत्र घोटायचे, मग पाणी. सूर्य कलल्यावर, मधमाश्या परतल्यावर, फक्त बाधित भागावर. उन्हात फवारले की पाने भाजतात.

पानांवर पांढरी पावडर सांडल्यासारखी दिसते.

ती भुरी. मटार, गुलाब, झिनिया, काकडीवर्गीय वेल यांच्यावर जानेवारीत हटकून येते. दुपारी कोरडी हवा आणि पहाटे गारठा, ही तिची आवडती हवा. सुरुवातीची पाने तोडून घराबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. नऊ भाग पाण्यात एक भाग बिनसायीचे दूध मिसळून आठवड्यातून एकदा सकाळी उन्हात फवारल्यास सुरुवातीची भुरी आटोक्यात राहते. पसरली असेल तर पाण्यात मिसळणारे गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण वेलवर्गीयांवर गंधक नको, आणि कडुनिंबाचे तेल मारल्यावर दोन आठवडे तरी गंधक मारू नका. दोन्ही एकत्र आले की पाने करपतात.

शेवंती हिरवीगार आहे, कळ्याच नाहीत.

रात्री तिच्यावर दिवा पडतो का ते पाहा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. गच्चीचा दिवा, सोसायटीचा हॅलोजन, रस्त्यावरचा एलईडी, काहीही तिची रात्र मोडतो आणि ती वाढतच राहते. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवा. जागची हलत नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी सातपर्यंत महिनाभर पुठ्ठ्याचे खोके उपडे घाला. कंटाळवाणे काम आहे, पण फुले येतात. दुसरे कारण असे की सप्टेंबरनंतरही कोणीतरी शेंडे खुडत राहिलेले असते. गणपती उठले की शेंडे खुडणे बंद करायचे.

गुलाबाची ऑक्टोबरची छाटणी राहून गेली.

नोव्हेंबरअखेरपर्यंत करा. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका काप. छाटणीपासून फुलापर्यंत ४५ ते ५० दिवस धरा. डिसेंबर उजाडला असेल तर सोडून द्या, वाळलेली फुले तेवढी काढत राहा.

मोगरा आणि जास्वंद मेल्यासारखे दिसतात.

झोपलेत. पाणी निम्मे करा, खत बंद. मोगऱ्याची पाने जानेवारीत ओरबाडून, फांद्या एक तृतीयांश छाटून त्याला पंधरा दिवस तहानलेला ठेवा. मग शेणखत आणि पाणी. मार्चमध्ये कळ्या. जास्वंदीच्या बेचक्यांत कापसासारखे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून काढा.

पारा ५-६ अंशांवर आला तर?

निफाडच्या द्राक्षबागांत अशा रात्री शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी देतात. घरच्या बागेला एवढे लागत नाही. तुळस, मिरची, पपई, केळ, अळू ही नाजूक मंडळी. कुंड्या भिंतीलगत आणा, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. जमिनीतल्या झाडांवर जुनी साडी किंवा गोणपाट टाका आणि सकाळी ऊन आले की काढा. प्लॅस्टिक नको. पानाला चिकटलेले प्लॅस्टिक आतल्या ओलाव्यासकट पान गारठवते. काळी पडलेली पाने लगेच छाटू नका. ती खालच्या डोळ्यांना पांघरूण होतात. फेब्रुवारीत छाटा.

थंडीत बागेत नवे पक्षी कोणते दिसतात? कसे ओळखायचे?

थिरथिरा हा सगळ्यांत भरवशाचा. हिमालय आणि मध्य आशियातून येतो, ऑक्टोबरपर्यंत हजर होतो, मार्चअखेर निघतो. नर काळा, पोट विटकरी. मादी साधी मातकट. दोघांचीही शेपटी नारिंगी, आणि ती सतत थरथरत असते. नाव त्यावरूनच पडले. कुंपणाच्या खांबावर, पाण्याच्या टाकीवर, खाली टाकलेल्या खुरप्याच्या मुठीवरसुद्धा बसतो. जमिनीवर झेप घालून किडा उचलतो आणि परत तिथेच. एकटाच असतो आणि हद्दीत दुसऱ्याला फिरकू देत नाही. वर्षानुवर्षे त्याच अंगणात थिरथिरा दिसतो, असे अनेक घरांत ऐकायला मिळते.

लाल कंठाचा माशीमार चिमणीहून लहान. शेपटी वर झटकली की दोन्ही बाजूंना पांढरे चौकोन चमकतात, ही खूण पक्की. गळ्याचा तांबूस रंग वयात आलेल्या नरालाच असतो, म्हणून तो नाही दिसला तरी खूण चुकली असे समजू नका. आंबा, चिंच अशा दाट झाडाच्या सावलीत आतल्या फांद्यांवर बसतो आणि कोरडा ‘टर्र्र’ आवाज काढतो.

झाडाच्या वरच्या पानांत अखंड हलणारा, दिसण्याआधी ऐकू येणारा हिरवट-पिवळसर चिमुकला हा हिरवा पर्णवटवट्या. झुडपात खाली लपून ‘चक्, चक्’ करणारा तपकिरी पक्षी ब्लिथचा वेळू वटवट्या. वटवटे ओळखण्यात भलेभले चुकतात. आधी आवाज शिका, रंग नंतर. धोबी गच्चीवर आणि लॉनवर शेपटी वरखाली करत चालतो. पोट पिवळे असेल तर करडा धोबी, काळा-पांढरा असेल तर पांढरा धोबी. पण भुवई ठळक पांढरी असलेला मोठा धोबी हा इथलाच, बारमाही.

भोरड्या (गुलाबी मैना) बागेत उतरत नाहीत, पण संध्याकाळी त्यांचे थवे डोक्यावरून वाहताना दिसतात. फेब्रुवारीत पांगारा आणि पळस फुलला की त्या झाडांवर त्यांचा बाजार भरतो.

आणि एक घरचाच पक्षी, जो थंडीत परका वाटतो. जांभळ्या शिंजिराचा नर ह्या दिवसांत झळाळी उतरवून मादीसारखा फिका होतो. फक्त घशापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. जानेवारी-फेब्रुवारीत तो पुन्हा चमकू लागतो. ‘नवीन पक्षी आला’ म्हणून येणारे कित्येक फोटो ह्याचेच असतात.

त्यांच्यासाठी दाणे ठेवावेत का?

वर सांगितलेल्यांपैकी भोरड्या सोडल्या तर एकही दाणे खात नाही. बाकी सगळे किडे, कोळी, अळ्या, थोडा मध आणि फळे यांवर जगतात. दाण्यांवर येणार ते कबुतर, पारवे आणि साळुंक्या, आणि त्या गर्दीत छोटे पक्षी टिकत नाहीत. कबुतरांना तर मुद्दाम खाऊ घालूच नका. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि बंद बाल्कन्यांच्या इमारतींत ती धूळ शेजाऱ्यांच्या घरात जाते.

चिमण्या आणि मनोल्या (मुनिया) येत असतील तर सकाळी मूठभर राळा, बाजरी किंवा तांदळाच्या कण्या, तासाभरात संपेल एवढ्याच. उरलेले झाडून घ्या, नाहीतर रात्री उंदीर येतात. फरसाण, बिस्किटे, पाव, मीठ घातलेला भात नको.

दाण्यांपेक्षा झाडे लावा. दोन-तीन मेथीची आणि कोथिंबिरीची रोपे फुलू द्या, तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, राजगिऱ्याची दोन कणसे वाळू द्या. कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलांवर फुलोरी आणि सातेरी मधमाश्या, पट्टेरी माश्या, बारीक गांधीलमाश्या अशी वर्दळ असते. त्या गर्दीवर माशीमार टपून असतो. राजगिऱ्यावर मनोल्या येतात. खर्च शून्य.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवतो, पण कोणी येत नाही.

भांडे खोल असेल. मातीची, खरखरीत, ४० सेंटिमीटर रुंद आणि मध्यभागी जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर खोल ताटली घ्या. स्टील आणि चकचकीत प्लॅस्टिकवर पाय घसरतात. मध्ये पाण्याबाहेर डोकावणारा एक दगड ठेवा. झुडपापासून दोन-तीन मीटर लांब, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही आणि पक्ष्याला मात्र उडून लपता येते. कंबरेएवढ्या उंचीवर असेल तर उत्तम. पहिले दहा-पंधरा दिवस कोणी फिरकणार नाही. जागा बदलू नका.

पाणी रोज बदला आणि दर दोन दिवसांनी ताटली काथ्याने घासा. नुसते पाणी ओतून टाकणे पुरत नाही, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी ती महिनोन् महिने जगतात, आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. घासल्याशिवाय निघत नाहीत.

पाचोळा रोज झाडतो, तरी संपत नाही.

रोज झाडू नका. वाटेवरचा झाडा, झाडांच्या बुंध्याखालचा राहू द्या. पाच-सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन ओल धरते आणि आत किडे, कोळी, गांडुळे वाढतात. सातभाई, दयाळ, आणि कोकणातल्या वाड्यांत नारिंगी डोक्याचा कस्तुर, हे सगळे पाचोळा उलटूनच पोट भरतात. चकाचक झाडलेल्या अंगणात त्यांना काही नाही. आच्छादन खोडाला टेकवू मात्र नका, चार बोटे जागा सोडा, नाहीतर साल कुजते.

जास्तीचा पाचोळा जाळू नका. शहरांत तो जाळणे नियमबाह्यही आहे. तीन पाट्या पाचोळ्याला एक पाटी ओला कचरा, थरांवर वाटीभर आंबट ताक आणि मूठभर जुने कंपोस्ट. ढीग तीन फूट लांब-रुंद-उंच असेल तरच आत गरम होतो. छोट्या डब्यात थंडीत काम मंदावते, चार महिन्यांचे सहा होतात. मूठ आवळली की एखादा थेंब यावा, धार लागू नये. वास सुटला तर पाचोळा वाढवा.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखे काही चिकटले आहे. ते हलतेही.

ती लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून विष्ठेचे सोंग. मोठी झाली की पोपटी होते, आणि बोट लावले तर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडते. चावत नाही. हातभर उंचीच्या रोपावर चार-पाच असतील तर दोन-तीन उचलून मोठ्या झाडावर नेऊन सोडा. मोठ्या झाडाला काही होत नाही. थंडीत ह्यांचा कोश नेहमीपेक्षा जास्त दिवस तसाच राहतो. वाळला समजून फेकू नका. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉर्मन, म्हणजे नीलवंत, ह्याच लिंबूवर्गीय झाडांवर वाढते.

पानफुटीच्या पानांत बोगदे दिसले तर ती रेड पिएरोची अळी. रुईवर प्लेन टायगर. घाणेरीवर फुलपाखरे खूप येतात हे खरे, पण ते तण मोकाट पसरते. त्याऐवजी पेंटास, झिनिया, कॉसमॉस लावा.

पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी बाग खाल्ली. आता त्या कुठे गेल्या?

तिथेच आहेत. कुंड्यांच्या बुडाखाली, विटांच्या फटीत, मातीत चार-सहा बोटे खाली, शंखाच्या तोंडावर पांढरे झाकण लावून झोपल्यात. त्या वेचायचा हाच काळ. त्यांच्यात मादी-नर असा भेद नसतो, जूनमध्ये प्रत्येक गोगलगाय अंडी घालते. डिसेंबरात कुंड्या उचलून बघा, हातमोजे घालून गोळा करा, दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका आणि मग खड्ड्यात पुरा. उघड्या हातांनी धरू नका, त्यांच्या शेंबडातून मेंदूचा आजार करणारा जंत पसरू शकतो. बेडूक आणि भेक हेही अशाच ओलसर फटीत बसलेले सापडतील. त्यांना पुन्हा झाकून ठेवा.

पाचोळा ठेवला तर साप येतील ना?

साप पाचोळ्यासाठी येत नाहीत, उंदरांसाठी येतात. सांडलेले दाणे, उघडा कचरा, विटा-लाकडांचे ढीग आधी काढा. तरीही सावध राहायचेच. हिवाळा घोणसांच्या मीलनाचा काळ, त्यामुळे त्या जास्त फिरतात आणि सकाळी उन्हाला पडलेल्या असतात. वाळक्या पानांत त्या दिसत नाहीत. पाचोळ्यात हात घालू नका, लांब दांड्याचे दाताळे वापरा, पायात बूट घाला, रात्री बॅटरी घ्या. साप दिसला तर लांबून नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर फोन करा. चावला तर बांधाबांध, कापाकापी, मांत्रिक काही नाही. तो अवयव न हलवता १०८ ची गाडी आणि थेट सरकारी रुग्णालय, कारण प्रतिविष तिथे असते.

चिमण्यांची पेटी कधी लावायची?

जानेवारीत. मार्चमध्ये त्या घर शोधायला लागतात तेव्हा पेटीला नव्या लाकडाचा वास नसावा. आतून १५ बाय १५ सेंटिमीटर, उंची २२, भोक ३२ मिलिमीटर, तळापासून १५ सेंटिमीटर वर. भोक मोठे झाले की साळुंकी बळकावते. भोकाखाली बसायला काडी लावू नका. ती चिमणीला लागत नाही, कावळ्याला सोयीची होते. तळाला चार बारीक भोके. दहा फूट उंच, पश्चिमेचे ऊन लागणार नाही अशा भिंतीवर.

संक्रांतीच्या दिवसांत काय काळजी घ्यावी?

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. पतंगांचे दिवस सरले की झाडांत, तारांत, गच्चीच्या पाइपांत अडकलेला मांजा बांबूला आकडा बांधून काढा, तुकडे करून कचऱ्यात टाका. तो कुजत नाही. जूनमध्येही त्यात वटवाघळे आणि घुबडे अडकतात. अडकलेला पक्षी ओढू नका. दोन्ही बाजूंचा मांजा कापा, अंगात रुतलेला तसाच ठेवा, पक्षी भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. पाणी चोचीत ओतू नका. १९२६ वर कळवा.

काय पाहिले त्याची नोंद कुठे करता येते?

वहीत तारीख, वेळ, पक्षी, कुठल्या झाडावर, एवढे लिहिले तरी तीन वर्षांनी ती वही सोन्याची होते. थिरथिरा पहिल्यांदा कधी दिसला आणि शेवटचा कधी, ह्या दोन तारखा तरी लिहा. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो, अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना होते. एका जागी १५ मिनिटे बसून दिसले-ऐकले ते मोजायचे आणि ई-बर्ड ह्या संकेतस्थळावर टाकायचे. ‘फक्त कावळे आणि साळुंक्या होत्या’ अशी यादीही टाका, तीही उपयोगाची असते.

फेब्रुवारी संपला. आता सगळे उपटून टाकू का?

फुललेली कोथिंबीर, मोहरी आणि मुळा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राहू द्या. ढालकिड्यांची शेवटची पिल्ले तिथेच असतात आणि परतीला निघायच्या आधी वटवटे, माशीमार त्यांच्यावर भर देतात. मुळ्याच्या कोवळ्या शेंगांची, डिंगऱ्यांची, भाजी करा. मग रोपे मुळासकट न उपटता मातीच्या पातळीला कापा. वालाची आणि मटाराची मुळे तर जमिनीतच राहू द्यायची. वरचा पाला तिथेच पसरला की गवार आणि भेंडीच्या वाफ्याला उन्हाळ्याचे आच्छादन तयार.